नजर लावा, हात नको

हमीदभाईंनी माझ्या गाडीला हात लावण्याआधी माझे हात पाहिले. आधी तळवे, मग पालथे. पेनाएवढ्या बॅटरीच्या उजेडात, नाकापाशी नेऊन. सत्तरीच्या बाईचे हात कुणी इतक्या मन लावून पाहील असं मला वाटलं नव्हतं. विशीत असते तर लाजले असते. आता म्हटलं, पाहू दे. आयुष्यरेषा संपत आलेली, फार वेळ लागायचा नाही.

"पाटल्या काढा," ते म्हणाले. "घड्याळ बी. केसातले आकडे बी."

"आकडे कशाला? मी काय डोक्यानं गाडी पुसणार आहे?"

"वाकून बघता ना, बाई. एक आकडा पडला की बोनेटवर एक रेघ. रंगाला सगळं याद राह्यतं."

दाराशी स्टुलावर एक स्टीलचं ताट होतं. आधीच्या गिऱ्हाइकांनी काढून ठेवलेल्या आणि विसरून गेलेल्या वस्तू त्यात पडून होत्या. दोन अंगठ्या, एक पट्टा, एक तावीज आणि एक कवळी. कवळी काढायला का लावली असेल, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. मी माझ्या पाटल्या तिच्यापासून जरा लांब ठेवल्या.

"डाव्या हातानं दार लावता," हमीदभाई म्हणाले. "अन् रागात असल्या की कमरेनं."

"हे माझ्या हातावर लिहिलंय?"

"हातावर न्हाई. गाडीवर. हात बराबर जुळतो का तेवढं पाह्यलं."

हमीदभाईंचा धंदा काय, तर नव्याकोऱ्या गाडीवरचे, तुम्हाआम्हाला न दिसणारे ओरखडे आधी दिवा लावून दाखवायचे, आपली झोप उडवायची, आणि मग ते काढायचे. त्याला डिटेलिंग म्हणतात. गाडीच्या रंगावर काचेसारखा पारदर्शक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्यातला केसाच्याही हिश्शाइतका भाग मशीननं घासून उडवायचा, की ओरखडा जातो. जास्त घासलं तर रंगच जातो. पूर्वी हे गृहस्थ कपाटांना, पलंगांना लाखेचं पॉलिश करायचे. लोकांनी लोखंडी कपाटं घेतली, पलंग प्लायवूडचे झाले, तसे हमीदभाई लाकडावरून पत्र्यावर आले.

त्यांची शेड जुन्या जालन्यात, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये. सगळ्या खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं. बाहेर दुपारचे बारा, आत अमावस्या. मधोमध तिकाटण्यावर एकच दिवा, आणि त्या दिव्याच्या गोलात जेवढी गाडी दिसेल तेवढीच जगात शिल्लक असल्यासारखी. आरशांना फडकी बांधलेली. हमीदभाई बिनबटणाचा काळा सदरा घालतात, बटण घासू नये म्हणून, आणि अनवाणी चालतात. त्यामुळे ते कुठे आहेत हे कळत नाही. आपण समोर बघून बोलत असतो आणि उत्तर पाठीमागून, गुडघ्याच्या उंचीवरून येतं.

गाडीला ते गाडी म्हणत नाहीत. 'ही' म्हणतात. "हिला हात लावू नका, आत्ता गरम हाये." "ही काल लई तकलीफमधी होती." काम झालं की तिच्यावर मऊ चादर टाकतात आणि हळूच म्हणतात, "सो जा." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच सांगतायत.

आणि दारावर, आतल्या बाजूनं, त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी: 'नजर लावा, हात नको.' आपल्याकडे सगळ्या गाड्या नजर लागू नये म्हणून लिंबूमिरची बांधतात. या माणसाला नजरेचं काही वाटत नाही. "नजर लावल्यानं काय जातं, बाई? लावा मनभर. हात लावला की मंग माझ्याकडं यावं लागतं."

जालन्यात बोलवा अशी, की हमीदभाईंकडे जिन आहे. त्याशिवाय का गाडी बघून घरातली भानगड कळते? मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "जिन असता तर घासायला त्यालाच लावला नसता का? माझा खांदा बघा."

पण भानगडी कळतात हे मात्र खरं. दिवा तिरका धरायचा, की रेघा उठतात, आणि रेघांवरून माणसं. "हा दूधवाला, कॅन टेकवतो. ही मांजर. हा मेव्हणा." मेव्हणा कसा ओळखला? "दुसऱ्याची गाडी हाये म्हणून बेफिकीर, अन् घरचीच हाये म्हणून बिनधास्त. दोन्ही एकाच रेघेत."

अंबडच्या कोर्टात जाणारे एक वकील त्यांच्याकडे तीन महिन्यांची पांढरी गाडी घेऊन आले होते. हमीदभाईंनी मागच्या चाकापाशी दिवा धरला आणि उकिडवे बसून पत्रा पाहिला. मग म्हणाले, "वकीलसाहेब, इथं रोज कुणीतरी येऊन बसतंय. पाठ टेकून. म्हातारं माणूस हाये. काठी हाये. उठताना हात असा पत्र्यावर दाबून उठतं." वकील हसले. त्यांच्या घरात काठीवालं कुणीच नव्हतं. वडील होते, पण ते तर दिवसभर वरती आपल्या खोलीत असायचे. वकील घरी गेले ते हसू विसरून. बायकोनं लगेच नारळ ओवाळून टाकला. चौथ्या दिवशी वकील दुपारी अवेळी घरी आले, तर त्यांचे वडीलच गाडीच्या सावलीत, चाकाला टेकून बसलेले. खेड्यातला माणूस. वरच्या खोलीत पंखा होता, टीव्ही होता, येणारंजाणारं कुणी नव्हतं. रस्त्याकडेला बसलं की निदान चार माणसं दिसत. शेजारच्यांची जुनी काठी मागून घेतली होती, आणि संध्याकाळी परत करायचे.

वकिलांनी दुसऱ्या दिवशी दारात बाकडं टाकलं. हमीदभाईंनी मात्र ती जागा पॉलिश करताना तीन वेळा कापड बदललं म्हणे. "म्हातारा माणूस हाये. जोरात कसं पुसणार?"

आता माझ्यावर ही वेळ का आली, ते सांगते. त्याआधी कबूल करायला हवं की चकाकीच्या बाबतीत माझा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. लग्नानंतर आमच्या ह्यांनी निळी स्कूटर घेतली. मी तेव्हा पंचविशीची, शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि जगातली प्रत्येक गोष्ट घासली की चमकते अशा ठाम मताची. दर शनिवारी मी ती स्कूटर चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन घासली. वर्षभरात निळा रंग गेला, खाली पत्रा आला, आणि पत्रा चमकायला लागला. मी विजयी. ह्यांच्या ऑफिसातले लोक विचारायचे, "वहिनी, स्कूटर आजारी आहे का?" मी सगळ्यांना घर्षणाचे फायदे समजावून सांगायची. त्या बाईला आज भेटले तर हातातला काथ्या काढून घेईन आणि एक चापट देईन.

हे गेल्यावर, सदुसष्टाव्या वर्षी, मी गाडी शिकले आणि गेल्या दसऱ्याला स्वतःची घेतली. काळी. सगळ्यांनी सांगितलं, काळी घेऊ नका; म्हणून काळी. जानेवारीत एका सकाळी धुणंभांडी करणारी शोभा अंगणातून ओरडत आत आली. "बाई, गाडीवर हात हाये!"

बाहेर जाऊन पाहिलं. रात्रीचं दव बोनेटवर बसलं होतं आणि दवात एक पंजा होता. पुरता उमटलेला. चार बोटं आणि एक अर्धं. मी फडक्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी परत. साबणानं धुतला. तिसऱ्या दिवशी परत, त्याच जागी, तसाच. शोभानं मागच्या दारानं यायला सुरुवात केली. मी तिला दवबिंदू कसे तयार होतात ते समजावलं. ती म्हणाली, "दव पडतंय ते मला बी कळतंय, बाई. त्याला बोटं कामून हायेत?"

ही बातमी माझ्या मुलाला, प्रशांतला, पुण्यात फोनवर पोचली. त्याला भुताखेतांची भीती नाही. त्याला माझ्या ड्रायव्हिंगची भीती आहे. भूत त्याला आयतंच मिळालं. "आई, तुझी सून तुझ्या घरी यायला घाबरतेय. मी रविवारी येतो. तो हात दिसला तर गाडी विकायची, आणि तू आमच्याकडे यायचं. कायमचं. कबूल?"

फोनवर त्याच्याशी वाद घालायचा मला कंटाळा आला आणि मी कबूल म्हणून बसले. पुण्याला त्याचं घर अकराव्या मजल्यावर आहे. वाईट काही नाही. मला वेगळी खोली, देव्हारा, गुडघ्यासाठी औषध लावून द्यायला माणूस. आणि खिडकीतून खाली पाहिलं की माणसं गव्हाच्या दाण्याएवढी. मला दाणे नको होते. मंगळवारी सकाळीच मी हमीदभाईंच्या शेडमध्ये गाडी घातली. रविवारच्या आत हात गेला पाहिजे, एवढंच सांगितलं.

"हात लावून बघू," हमीदभाई म्हणाले, आणि तेच हसले. पाटी त्यांनी स्वतःला लागू धरलेली नाही.

आधी गाडीवर कसलंतरी औषध फवारलं. दोन मिनिटं काही झालं नाही. मग दिव्याच्या गोलात, काळ्या पत्र्यावर, सुईच्या टोकाएवढे जांभळे थेंब उठले. वाढले. एकमेकांना मिळाले आणि ओघळायला लागले. दारांवरून, चाकांवरून, दिव्यांच्या कडांवरून. माझ्या गाडीला रक्त फुटलं होतं. मी "अगं आई गं" म्हणत मागं सरले ती थेट ताटावर. अंगठ्या, तावीज, कवळी, सगळं खाली.

"घाबरू नका," अंधारातून आवाज आला. "लोखंड हाये. आपल्या गावातल्या भट्ट्यांची भुकटी हवेत ऱ्हाती, रंगात रुतून बसती. औषध लागलं की जांभळी होऊन बाहेर निघती."

मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. लोखंड, आम्ल, आम्लारी, रंगबदल, सगळं. जमिनीवर रांगत, एका अनोळखी माणसाची कवळी शोधताना, त्यातलं एक अक्षर मला आठवत नव्हतं.

मी उठले तेव्हा हमीदभाई बोनेटजवळ स्थिर उभे होते. त्या जांभळ्या ओघळांच्या मधोमध पंजा वर आला होता. इतर पत्र्यापेक्षा गडद. हातावर मेंदी काढलेली असावी तसा.

त्यांनी दिवा अगदी खाली, पत्र्याला लागून धरला. "बाईमाणूस हाये. उजवा हात. करंगळीशेजारचं बोट अर्धं." बोटानं न टेकता, वीतभर वरून त्यांनी त्या हाताची कड गिरवली. "जोर न्हाई ह्याच्यात. तळवा आधी टेकला, बोटं मागनं. मारणारं माणूस बोटं आधी आणतं. हा हात ठेवलाय. दुवा देणारं माणूस असा ठेवतं." मग माझ्याकडे वळून, "कोण हाये ही?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

मला माहीत होतं. पहिल्या सकाळीच माहीत झालं होतं. अर्ध्या बोटाची बाई माझ्या आयुष्यात एकच होती.

हमीदभाईंनी पत्रा धुतला, मातीच्या गोळ्यासारखं काहीतरी फिरवून भुकटी काढली, मीटर लावून थराची जाडी पाहिली. "आतपर्यंत उतरलाय. एकदम घासला तर रंग जाईल. थोडा थोडा काढावा लागंल. उद्या या."

बुधवारी गेले. हात होता. "उद्या या," म्हणाले. पण मी गेले नाही घरी, ताट खाली ठेवून तिथंच स्टुलावर बसले. पायी परत जायचा कंटाळा हे एक कारण, आणि रविवार जवळ येतोय हे दुसरं. मशीन गुणगुणत होतं. अंधारात माणसाला बोलायला बरं पडतं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि आपलाही कुणाला दिसत नाही.

"माझी थोरली जाऊ," मी म्हटलं. "आक्का."

मशीन बंद झालं.

"बोला," आवाज आला. या खेपेला कुठून, ते कळलं नाही.

मी बोलले. आक्का केदारखेड्याची, शेतावरची. बोट कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं. मी सून होऊन त्या घरात गेले ती पदवी डोक्यावर घेऊन. पहिल्याच आठवड्यात ओवाळणीसाठी तिनं हळदीत चुना कालवला, पाणी लाल झालं, तर नवी सून पदर खोचून म्हणते कशी, "आक्का, यात दैवी काही नाही. हळद हा दर्शक आहे. चुना आम्लारी आहे. आम्लारीत दर्शकाचा रंग बदलतो." आक्का म्हणाली, "आगं, झालं न लाल? मंग ओवाळ की, लेकरू ताटकळलंय." ते लेकरू म्हणजे तिचा दीर, माझा नवरा. मी तिला लिंबू पिळून परत पिवळं करून दाखवलं. ओवाळायचं राहिलंच. हे पाटावर बसून उठून गेले. त्या दिवशी मी किती हुशार दिसले असेन, ते मीच जाणे.

"मंग?" हमीदभाई.

"मग काय. चाळीस वर्षं तिनं मला धाकली म्हटलं आणि मी तिला अडाणी समजले."

मशीन पुन्हा चालू झालं, हळू.

दसऱ्याला गाडीची पूजा करायला ती मुद्दाम एसटीनं आली. वाटीत हळद आणि चुना, लालभडक. तळवा बुडवून बोनेटवर ठेवला आणि गाडीलाच बजावलं, "ही माझी धाकली हाये. हिला नीट नेत जा." मला म्हणाली, "तीन दिस धुऊ नको." मी म्हटलं, म्हातारीच्या मनासारखं होऊ दे. ऑक्टोबरचं जालन्याचं ऊन, काळा पत्रा आणि तीन दिवस चुना. चुना त्वचा खातो, रंगाचं काय घेऊन बसलात. पस्तीस वर्षं फळ्यावर जे लिहिलं ते या तीन दिवसांत मला एकदाही सुचलं नाही.

गुरुवारी गेले. दिवा तिरका होता. मी वाकून पाहिलं, म्हटलं, "आज जरा फिका झालाय."

"हां," हमीदभाई म्हणाले.

"रविवारच्या आत जाईल ना?"

"बसा," ते म्हणाले.

मी बसले आणि उरलेलं सांगितलं. जाताना आक्का म्हणाली होती, "आता गाडी हाये न तुझ्याकडं. दिवाळी झाली की ये, मला पुढच्या शिटावर बसव अन् देवीला घेऊन चल." मी हो म्हटलं. दिवाळी झाली. तिच्या गावाला जाणाऱ्या भोकरदन रस्त्यावर मोठे ट्रक असतात. मी गावात गल्लीबोळातून शूर, मोठ्या रस्त्यावर माझे पाय कापतात. फोनवर सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा फोन आला तो पुतण्याचा. आक्का झोपेतच गेली. मी गेले, तेही दुसऱ्याच्या जीपमधून, मागच्या शिटावर.

अंधारात मशीन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हमीदभाई म्हणाले, "माझी बी घरवाली जाऊन सात वर्सं झाली. पोरगी हैदराबादला. जुम्म्याला फोन करती." बस, एवढंच. पुढे विचारलं तर कापड धुवायला निघून गेले.

शुक्रवारी मी दुपारभर बसले. हात अजून होता. करंगळीकडचं अर्धं बोट सगळ्यात ठळक होतं. मी न राहवून, पाटी वाचलेली असूनही, माझा तळवा त्याच्यावर ठेवला. पत्रा थंड होता, पण मला तो कोमट लागला. हे मी शपथेवर सांगेन. हमीदभाईंनी पाहिलं आणि चक्क अडवलं नाही.

"उद्या शनिवार," मी म्हटलं. "परवा माझा मुलगा येतो. मला पुण्याला जायचं नाही, हमीदभाई."

"न्हाई जाणार," ते म्हणाले.

शनिवारी जरा लवकर गेले. हमीदभाई नमाजला गेले होते आणि लाइट गेली होती. आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. त्या काळोखात, चादरीखाली, माझी गाडी आणि आक्काचा हात, आणि मी. चाचपडत भिंतीपाशी गेले, खिडकीवरचं काळं कापड धरलं आणि ओढलं. खिळे निघाले. दुपारचं ऊन एकदम आत आलं.

मी चादर बाजूला केली. बोनेटवर काहीच नव्हतं.

तिरपं होऊन पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. मग वाकून तोंडाची वाफ सोडली, जशी आरशावर सोडतात. पत्रा एकसारखा धुरकट झाला आणि एकसारखा निवळला. कुठलाही पंजा नाही. आत फक्त माझा चेहरा, तोंड उघडं.

"बुधवारीच गेला होता, बाई."

हमीदभाई दारात उभे होते, टोपी हातात.

"बुधवारी?"

"तुम्ही घरी गेल्या अन् तासाभरात निघाला. एवढा बी खोल नव्हता."

"मग गुरुवार, शुक्रवार काय करून राह्यले होता तुम्ही?" रागात माझीही भाषा सासरची झाली. "माझा जीव टांगणीला! आणि मशीन?"

"मशीन खाली चालवलं. पत्र्याला टेकवलंच न्हाई."

"पण मला दिसला! गुरुवारी दिसला. काल मी त्यावर हात ठेवला."

"मी दाखवला न्हाई, बाई. तुम्ही आल्या अन् म्हणल्या, जरा फिका झालाय." त्यांनी टोपीची घडी केली. "तुम्ही म्हणल्या तर मंग मला बी दिसला. अर्ध्या बोटासकट. आता काय सांगू तुम्हाला."

मी पुन्हा बोनेटकडे पाहिलं. शिक्षक म्हणून मी काहीतरी स्पष्टीकरण द्यायला हवं होतं. सवयीनं तोंड उघडलंही. पण बाहेर पडला तो प्रश्नच.

"कामून केलं असं?"

हमीदभाई उखडलेले खिळे गोळा करायला खाली बसले. "लोक येतात, चावी ठेवतात, जातात. काम झालं की फोन करायचा, चावी न्यायची. स्टूल हाये, पण बसत कुणी न्हाई. अंधार हाये म्हणतात, जिन हाये म्हणतात." खिळे तळहातावर मोजल्यासारखे हलवले. "बुधवारी फोन केला असता तर तुम्ही बी चावी नेली असती. अन् तुमच्या आक्काचं अर्धंच कळलं असतं मला. दसऱ्यापर्यंतचं."

मी चावी घेतली. रागावले होते की काय, ते मलाच नीट कळलं नाही. दार डाव्या हातानं लावलं की कमरेनं, तेही आठवत नाही.

रविवारी सकाळी सातला प्रशांत अंगणात. दव होतं. त्यानं मोबाइलचा उजेड पाडून बोनेट पाहिलं, इकडून, तिकडून, ओणवं होऊन. शोभा मागच्या दारातून मान काढून बघत होती. काळा पत्रा, त्यावर दव, दवावर आभाळ.

"छान आहे," तो म्हणाला. पेपर सोपा निघाला की हुशार मुलाचं जसं तोंड होतं, तसं झालं होतं. दुपारी जेवून पुण्याला गेला. एकटा.

सोमवारी अकरा वाजता मी पुन्हा शेडच्या दारात गाडी उभी केली. पाटल्या घरीच काढून आले होते. खिडकीचं कापड परत ठोकलेलं होतं. आतला अंधार तसाच.

"काय झालं, बाई?" हमीदभाई दिवा घेऊन लगबगीनं बाहेर आले. "कुठं लागलं?" आणि वाट न बघता त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दिवा तिरका करून. मग दुसरी. मागची काच, चारही दारं, छत. ते माझ्यासमोर येऊन थांबले. "काहीच न्हाई लागलेलं."

"माहीत आहे."

"मंग?"

"मग काय. चहा सांगा."

त्यांनी हातातला दिवा विझवला. मग आत वळले. अंधारात कुठेतरी भिंत चाचपल्याचा आवाज आला, खटका पडला, आणि वर छताला काहीतरी दोनदा फडफडून लागलं. त्या शेडमध्ये ट्यूबलाइट आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. ट्यूबवर बोटभर धूळ होती. भिंतीला पोपडे, कोपऱ्यात कापडांच्या बादल्या, खुंटीला एक जेवणाचा डबा. साधी शेड. त्या उजेडात हमीदभाई मला वाटले होते त्याहून बरेच म्हातारे निघाले. माझ्याबद्दल त्यांचंही तसंच काहीसं झालं असावं, कारण दारातून त्यांनी टपरीवाल्याला हाक मारली, "दोन चहा, आन् बिस्किटं मऊवाली दे."